फक्त रविवारी फिरवलेली गाडी

चाकणच्या मार्केट यार्डात शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी बैलाचा जबडा उघडतो. अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. वय दातांवर लिहिलेले असते आणि मालकाने कितीही शपथा घेतल्या तरी बैल स्वतः खोटे बोलत नाही. मग खांद्यावरून हात फिरतो, शेपटी उचलली जाते, चार पावले चालवून लंगड पाहिली जाते. जुने हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, भाव तोंडाने बोलत नसत. उपरण्याखाली हात घालायचा, बोटे दाबायची, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चिखली-मोशीकडच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हाच बाजार पुन्हा भरतो. बैलाच्या जागी काळी अॅव्हेंजर उभी असते. गळ्यात घुंगरमाळेऐवजी लिंबू-मिरची असते. उपरण्याचे काम व्हॉट्सअॅप करते. बाकी जबडा उघडणे, शेपटी उचलणे, चार पावले चालवणे सगळे तसेच. फरक एवढाच, की मोटारसायकलीला दात नसतात, मीटर असतो आणि मीटरला खोटे बोलायला शिकवता येते.

साधी गाडी विकायला फार काही लागत नाही. 'स्प्लेंडर द्यायची आहे' एवढे टपरीवर म्हटले तरी चहा संपेपर्यंत गिऱ्हाईक हजर होते, कारण स्प्लेंडर ही गरज आहे. क्रूझर ही गरज नाही. बुटकी सीट, लांब हँडल, पुढे पसरलेले पाय, चकाकते क्रोम. ही गाडी माणूस कुठे पोहोचायला घेत नाही. आपण पोहोचलो आहोत हे दाखवायला घेतो. त्यामुळे ती विकताना नुसते लोखंड विकून भागत नाही. स्वतःचे बारगळलेले स्वप्न दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचे असते आणि तेही ते अजून ताजे आहे असे भासवून.

या स्वप्नाचा कारखानाही इथलाच. बजाजने कावासाकीच्या साथीने २००१ साली १७५ सीसीची एलिमिनेटर आणली. गाडी देखणी, पण किंमत नोकरदाराच्या खिशाला न पेलणारी. मग २००५ साली त्याच घाटाच्या अंगात पल्सरचे १८० सीसीचे इंजिन बसवले गेले आणि अॅव्हेंजर जन्मली. २००७ मध्ये ती २०० सीसीची झाली, २०१० मध्ये २२० ची, आणि २०१५ मध्ये 'स्ट्रीट' आणि 'क्रूझ' अशी भावंडे निघाली. जाहिरातीत तिचा दावा होता की हिच्यावर बसल्यावर देव झाल्यासारखे वाटते. देहू आणि आळंदी यांच्या मधोमध राहणाऱ्या माणसांना असे सांगायला धाडस लागते. पण गाडी खपली. सीटची उंची जमिनीपासून अवघी ७३७ मिलिमीटर. साडेपाच फुटांच्या देवाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात.

अॅव्हेंजर बनायची चाकणच्या कारखान्यात, पल्सरच्या शेजारी. सस्पेन्शन बनवणारी एन्ड्युरन्स आणि दिवे बनवणारी व्हेरॉक यांचेही कारखाने त्याच पट्ट्यात. या भूगोलाचा जुन्या गाडीच्या सौद्यावर जो परिणाम होतो तो इतर शहरांत पाहायला मिळणार नाही. सातारा-सांगलीत विकणारा 'शॉकअप एकदम ओरिजिनल' म्हणून पुढे सरकू शकतो. भोसरीत घेणाऱ्याचा मेहुणा शॉकअपच्या लाइनवर असतो, आतेभाऊ प्लेटिंगमध्ये असतो आणि सोबत आलेला मित्र क्वालिटीत असतो. क्वालिटीतला मित्र हा सर्वांत वाईट. तो गाडी बघत नाही, तो ती रिजेक्ट करायला आलेला असतो. आठवडाभर त्याने व्हेंडरचे पार्ट परत पाठवलेले असतात, रविवारी हात शिवशिवतात.

या पट्ट्याने उलटा काळही पाहिला आहे. बजाजच्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत गेल्याचे सांगितले जाते. त्या काळात ज्याच्या हाती स्कूटर आली तो ती शोरूमच्या भावापेक्षा जास्त पैशांत, म्हणजे 'ऑन' घेऊन विकू शकत असे. वापरलेली वस्तू नव्याहून महाग! आजचा अॅव्हेंजरवाला ही गोष्ट ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे पाणी येते ते सायलेन्सरच्या धुराचे नसते.

जाहिरातीची भाषा सगळीकडे तीच. 'सिंगल ओनर.' 'शोरूम कंडिशन.' 'इंजिन ओपन नाही.' 'फक्त सिरियस गिऱ्हाइकांनीच फोन करावा.' 'डॉक्टरची गाडी' हे तर पूर्वापार चालत आले आहे. डॉक्टर क्रूझर घेऊन नेमके काय करतात हे कुणी विचारत नाही. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'फक्त रविवारी फिरवलेली'.

या शेवटच्या वाक्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. गंमत अशी, की चाकण पट्ट्यात बहुतेक वेळा तेवढे एकच वाक्य खरे असते.

कारण सोमवारी काय होते ते पाहा. पहिल्या पाळीला निघालेला पोरगा मोठ्या हौसेने क्रूझर काढतो. मोशी ओलांडेपर्यंत ठीक. पुढे नाशिक महामार्गावर कंटेनरमागे कंटेनर. चाकणला तळेगाव चौक, आंबेठाण चौक. तिथे स्कूटरवाले आणि स्प्लेंडरवाले दोन ट्रकांच्या फटीतून पाण्यासारखे वाहत जातात आणि आपला देव लांब हँडल घेऊन ट्रेलरच्या मागे दर्शनाच्या रांगेत उभा. अॅव्हेंजरची दोन चाकांमधली लांबी १४९० मिलिमीटर. घाटातल्या लांब वळणावर ती लोण्यासारखी जाते, पण फटीत घुसवायची म्हटली की बैलगाडी बोळात वळवण्याचा अनुभव येतो. मे महिना असेल तर इंजिनाची धग मांड्यांना. पंच उशिरा. सुपरवायझर सवयीप्रमाणे घड्याळाकडे बघतो. तिसऱ्या आठवड्यात पोरगा कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी झोपलेला दिसतो आणि गाडी सोसायटीत कव्हरखाली. ती रविवारी निघते, जुन्या हायवेने लोणावळ्याला जाते (दुचाकीला एक्स्प्रेसवे बंद आहे), भुट्टा खाऊन परत येते. चार वर्षांत अकरा हजार किलोमीटर. आणि हे खरेखुरे अकरा हजार जेव्हा तो सांगतो तेव्हा समोरचा हसतो.

मग सुरू होते तपासणी. घेणारा एकटा येत नाही. क्वालिटीतला मित्र असतो, ओळखीचा मेकॅनिक असतो आणि बायको किंवा होणारी बायको असते. मेकॅनिक आल्याआल्या इंजिनाला हात लावून बघतो. गार असायला हवे. गरम लागले तर समजावे, की सकाळी स्टार्टिंगचा त्रास होता, म्हणून पाहुणे यायच्या आधीच आटोपून घेतले.

"दादा, गाडी गरम कशी?"

"रोज पाच मिनिटं चालू ठेवतो. बॅटरीसाठी."

"रोज? मग रविवारीच फिरते कशी?"

पहिला गुण गेला. गाडी चालू होते. मेकॅनिक कान तिरका करून टॅपेटचा आवाज ऐकतो, चेहऱ्यावर नाडी बघणाऱ्या वैद्याचे भाव. रेस देऊन धूर पाहतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा सील गेलेले. पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली रेटतो आणि फोर्कच्या पाइपावर बोट फिरवतो. बोटाला तेल लागले तर ऑइल सील गेले. एकाला गाडी तोलायला लावून पुढचे चाक उचलतो आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवतो. मध्यावर खटका लागला तर कोनसेट संपला. चेन सॉकेटचे दात धारदार झाले असतील तर तेही त्याच्या हिशेबात जमा. प्रत्येक शोधानंतर तो काहीच बोलत नाही, फक्त 'हं' म्हणतो. बाजारात एका 'हं'ची किंमत पाचशे रुपये धरावी.

मित्राचे लक्ष भलतीकडेच असते. तो टायरपाशी उकिडवा बसतो. टायरच्या कडेला छोट्या चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालातला बत्तिसावा आठवडा.

"गाडी २०१६ ची, मागचं टायर २०१९ चं. अकरा हजारात टायर बदललं?"

"खिळा लागला होता. दोनदा पंक्चर झालं, मग बदलून टाकलं."

"बरं. आणि पायाखालचं रबर कुणी खाल्लं?"

इथे बैलबाजाराची विद्या मदतीला येते. मोटारसायकललाही दात असतात, फक्त ते तोंडात नसतात. ब्रेक पेडलचे रबर, फूटरेस्टच्या टोकाची खरवड, हँडलच्या ग्रिपची गुळगुळीत झालेली नक्षी, क्लचच्या दांडीचे टोक. मीटर मागे घेता येतो, पण झिजलेल्या ग्रिपवर नक्षी उगवत नाही. सायलेन्सरच्या पोटाला ओरखडे दिसले तर 'उभ्याउभ्या पडली होती, पार्किंगमध्ये' हे उत्तर तयार असते. या शहरात जेवढ्या गाड्या उभ्याउभ्या पडतात तेवढ्या चालताना पडत नसाव्यात.

एवढ्या तपासणीनंतर निकाल मात्र भलतीकडूनच लागतो. बायको मागच्या सीटवर बसून बघते, पाठीमागचा टेकू दाबते आणि म्हणते, "ही बरी आहे. तुमच्या त्या पल्सरवर मी घसरत घसरत टाकीवर येते." मेकॅनिकच्या बारा 'हं' एका फटक्यात खाली. विकणाऱ्याच्या जिवात जीव येतो. क्रूझरच्या व्यवहारात गिऱ्हाईक पुढे बसते आणि निर्णय मागे.

भाव ठरवायची वेळ मात्र माणसाच्या हातात नसते. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही हा नियम जुन्या गाडीलाही लागतो, कारण घेणाऱ्याला ती नवीच असते. त्यामुळे अडलेला विक्रेता आणि अंधश्रद्धा नसलेले गिऱ्हाईक यांची गाठ या पंधरवड्यात पडली तर सौदा स्वस्तात होतो. २०२५ साली या पंधरवड्याने कमाल केली. ३ सप्टेंबरला जाहीर झाले, की ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर येणार आणि ३५० च्या पुढच्यांवर ४० टक्के लागणार. अंमलबजावणी २२ तारखेपासून. मधल्या दिवसांत पितृपक्ष. आणि २२ तारखेला नेमकी घटस्थापना! म्हणजे आधीच कुणी घेत नव्हते, त्यात आता घेणे मूर्खपणाचेही ठरले. रॉयल एन्फिल्डने आपल्या ३५० सीसीच्या गाड्या २२ हजारांपर्यंत उतरवल्या. नवीच उतरली म्हटल्यावर जुनीला कोण जुना भाव देणार? मिटिओर ३५० विकायला काढलेल्या माणसाच्या स्वप्नाचा भाव एका रात्रीत पडला. आणि त्याच पार्किंगमध्ये सुपर मिटिओर ६५० वाला शेजारी मिशीवरून हात फिरवू लागला. नवी ६५० महागली, म्हणजे त्याची जुनी आपोआप वधारली. दोघेही एकाच लिफ्टने ये-जा करतात.

अनाथ गाड्यांची कथा निराळी. कोरियाच्या ह्योसंगची अॅक्विला ही खरीखुरी व्ही-ट्विन क्रूझर. ह्योसंगने या परिसरात तीन संसार केले. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत पुण्याच्या कायनेटिकने २५० सीसीची अॅक्विला मोजक्या संख्येने विकली. २०११ मध्ये गरवारे मोटर्सने ह्योसंगची एसटी७ आणली. त्यानंतर संसार डीएसके मोटोव्हील्सकडे गेला, जुळणी वाईत व्हायची. तो समूहही आर्थिक अडचणीत सापडल्यावर गाड्या राहिल्या, पालक गेले. आज अशी गाडी विकायला निघाली की लोक सेल्फी काढायला जमतात. घ्यायला मात्र एकच जण येतो आणि त्याच्याकडे आधीच एक असते. ती स्पेअरसाठी लागते. एका अॅक्विलाला जगवायला दुसरी अॅक्विला लागते. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले तेव्हा स्ट्रीट ७५० च्या मालकांनाही हीच धास्ती बसली होती. महिन्याभरात हीरोशी करार झाला म्हणून त्यांचे निभावले.

चाकणमध्ये गाड्या विकायला निघण्याचे आणखी एक कारण पार्किंगमधल्या नंबरप्लेटवर वाचता येते: एमएच-२३ बीड, एमएच-२४ लातूर, एमएच-२५ धाराशिव, एमएच-२६ नांदेड. कंत्राट संपले, की पोरगा गावी निघतो. जिथे रस्ताच पाणंदीतून जातो तिथे क्रूझर नेऊन करायचे काय? म्हणून खोली सोडायच्या आदल्या रात्री जाहिरात पडते: 'अर्जंट सेल. गावी जायचं आहे.' घेणाऱ्यांना 'अर्जंट' हा शब्द दोन किलोमीटरवरून ऐकू येतो.

आता पैसे मोजले जातात. चावी दिली जाते, दुसरी चावी घरात शोधली जाते. पेढे निघतात. आणि तासभर ज्यांनी टायरचा आठवडा वाचला, ग्रिपची नक्षी मोजली, धुराचा रंग पाहिला, ती चारही माणसे कागदावर नजरही न टाकता सह्या करून मोकळी होतात.

या कागदांना बाजारात टीटी फॉर्म म्हणतात. म्हणजे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. विकणारा तारीख न घालता, नाव न लिहिता सह्या करून देतो आणि एजंट म्हणतो, "तुम्ही निघा साहेब, मी करतो ट्रान्सफर." मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते, की विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचे. कर्जाची गाडी असेल तर बँकेच्या ना-हरकतीसह फॉर्म ३५ देऊन एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, हीही उतरवावी लागते. पण कोऱ्या सह्यांचा कागद हा दर्शनी हुंडीसारखा असतो. त्याच्यासोबत गाडी दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. मधले सगळे खर्च वाचवतात आणि नाव राहते मूळ मालकाचे.

मूळ मालकाला हे कळते ते मोबाइलवर. पहिला मेसेज येतो वाईहून, हेल्मेट नसल्याचा. महिन्याने महाबळेश्वर, तिघे जण. मग कोल्हापूर, सिग्नल तोडला. ज्या गाडीवर तो स्वतः लोणावळ्यापलीकडे गेला नव्हता ती आता महाराष्ट्र दर्शन करते आहे आणि तिकिटे याच्या नावावर फाटताहेत. चलनासोबत फोटो येतो. दंडापेक्षा फोटोने तो जास्त हळहळतो. "आरसे काढले हरामखोरांनी," तो बायकोला दाखवतो. "आणि सायलेन्सर बघ कसला लावलाय!" बायको विचारते, की पैसे कुणी भरायचे. त्यावर तो पुन्हा सायलेन्सरबद्दलच बोलतो.

चलनापर्यंत हसण्यावारी नेता येते. सर्वोच्च न्यायालयापुढे एका मोटारीचे प्रकरण आले होते. गाडी एकामागून एक चौघांच्या हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे होती. २००९ मध्ये तिच्या अपघातात जीव गेला. विकून झाल्याचे सांगणाऱ्या मालकाला ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात न्यायालयाने ऐकवले, की अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावे नोंदणी तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. पैसे घेतले, पेढे वाटले, चावी दिली, याला पुराव्याची किंमत शून्य.

तेव्हा गेल्या चार-पाच वर्षांत तुम्ही एखादी गाडी विकली असेल, तर आज रात्री एम-परिवहनवर तिचा नंबर टाकून पाहा. मालकाचे नाव तिथे पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरे चांदण्यांनी झाकलेली असतात. पण स्वतःचे नाव चांदण्यांतूनही ओळखू येते.